जमिनीत सापडलेली काच रोमन आहे की नाही, हे कसं ओळखतात?

पावसाळा संपल्यावर कराडच्या एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. नदीकाठच्या शेतात मिळालेला हिरवट काचेचा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर इंद्रधनुष्यासारखी चमक. फोनमधल्या फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपने त्याला उत्तर दिलं होतं, 'एन्शंट रोमन ग्लास'. खाली त्याचा मेसेज: "भावा, दोन हजार वर्षं जुनं दिसतंय. खरं असेल का?"

फोटोवरून हे सांगता येत नाही. अ‍ॅप चांगलं की वाईट, हा मुद्दाच नाही. अशा अ‍ॅपला इंटरनेटवरचे फोटो दाखवून शिकवलेलं असतं, आणि हिरवट, चमकणाऱ्या तुकड्यांचे 'रोमन ग्लास' म्हणून टाकलेले फोटो नेटवर ढिगाने आहेत, बरेचसे दागिने विकणाऱ्यांच्या पानांवर. अ‍ॅप रंग आणि आकार जुळवतं. पण काच कुठली आहे हे रंगात नसतंच. हिरवट झाक वाळूतल्या लोखंडामुळे येते, आणि लोखंड जगातल्या जवळजवळ प्रत्येक वाळूत असतं. इंद्रधनुषी चमक म्हणजे काचेचा वरचा थर ओल्या मातीत झिजून त्याचे पातळ पापुद्रे झालेले असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतताना रंग दिसतात. शंभर वर्षांपूर्वीची औषधाची बाटली मातीत पुरली गेली असेल तर तीही अशीच चमकते.

मग शास्त्रज्ञ कसं ठरवतात? काचेची रेसिपी वाचून.

पण इथे रोमन काच येईलच कशी?

आधी हे बघू, कारण मित्राचा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. कराड हे फार जुनं गाव आहे. करहाटक हे त्याचं जुनं नाव. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावचे लोक आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत कराडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा माणूस घाट उतरून कोकणात धंदा करत होता. खुद्द कराडला मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४०च्या दशकात उत्खनन केलं, त्याचा वृत्तांत १९४९ मध्ये छापून आला. हेच दीक्षित पुढे भारतीय काचेच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक झाले. त्यांचं 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' हे पुस्तक मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये काढलं.

कराडपासून दक्षिणेला, हायवेने दीडेक तासावर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी टेकडी आहे, पंचगंगेच्या काठावर. तिथे १९४४च्या सुमाराला ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी, अतिशय सुंदर मूर्ती होती, शिवाय रोमन धाटणीची भांडी आणि आरसा. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. पोसायडन रोमन आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. चेहरा, अंगाची ठेवण, उभं राहण्याची ढब, सगळं बोलतं. काचेच्या मण्याचं तसं नसतं. निळा गोल मणी इटलीत निळा गोलच असतो आणि नेवाशातही.

तिसरा पुरावा कागदावरचा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गांची गाइड आहे. भरूच बंदरात काय माल उतरतो याची यादी तो देतो: दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, रोमन नाणी, आणि कच्ची काच. भरूचहून आत पैठण आणि तिथून पुढे तेर, या वाटा त्याला माहीत आहेत.

'कच्ची काच' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळा गोंधळ त्यांनीच होणार आहे.

काच म्हणजे तीन जिन्नस

वाळू, सोडा, चुना. वाळूतली सिलिका एकटी वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. लाकडाच्या भट्टीत ते शक्य नाही. सोडा मिसळला की ११०० अंशांच्या आसपास काम होतं. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून चुना लागतो. तीन जिन्नस सगळीकडे तेच, पण ते कुठून आणले त्यावर प्रत्येक प्रदेशाची काच वेगळी होते. मिसळीत फरसाण, रस्सा, पाव सगळीकडे असतो, तरी कोल्हापूरची आणि पुण्याची मिसळ एका घासात कळते, तसंच.

रोमन लोकांचा सोडा यायचा इजिप्तच्या वादी नत्रून या कोरड्या पडणाऱ्या तळ्यांतून. त्या खनिजाचं नाव नेट्रॉन. हा सोडा बराच स्वच्छ असतो, म्हणून रोमन काचेत पोटॅश आणि मॅग्नेशिया दोन्ही दीड टक्क्याच्या खाली राहतात. वाळू भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याची, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असायचा, त्यामुळे चुना फुकटात यायचा, साधारण ७-८ टक्के. अ‍ॅल्युमिना २-३ टक्के.

आता आपली बाजू. प्राचीन भारतीय काचेचा फार मोठा हिस्सा असा आहे की त्यात सोडा भरपूर, पण अ‍ॅल्युमिना ५ टक्क्यांच्या वर, कधी १० च्याही पुढे, आणि चुना कमी. कारण? सोडा मिळायचा जमिनीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षारातून. उत्तर भारतात त्याला रेह म्हणतात. सांगली, मिरज, वाळव्याकडच्या पोरांना हे वेगळं समजावायला नको. ऊसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली जमीन, उन्हाळ्यात वर आलेला पांढरा थर, 'चोपण' हा शब्द, सगळं घरचं आहे. तुमच्या चोपण जमिनीतून काच झाली असं मी म्हणत नाही, ती बहुतांश कालव्यांनंतरची गोष्ट आहे. पण क्षार जमिनीवर कसा येतो ते डोळ्यांसमोर यायला हे उदाहरण पुरे. असा क्षार खरवडला की सोबत माती येणारच, आणि वाळूत फेल्डस्पार नावाचं खनिज असलं की अ‍ॅल्युमिना आणखी वाढतं. थोडक्यात, अ‍ॅल्युमिना म्हणजे काचेत राहिलेली मातीची सही.

महाराष्ट्रात सोड्याचं तळंही आहे, बुलढाण्याचं लोणार. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. लोणार बघायला जाणाऱ्यांना उल्का आठवते, साबण कुणाला आठवत नाही.

तिसरा गट इराक-इराणकडचा. तिथे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख वापरत. राखेमुळे पोटॅश आणि मॅग्नेशिया दोन्ही वाढतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर पहिली चाळणी दोन-तीन इफ-एल्सची आहे. मॅग्नेशिया आणि पोटॅश दोन्ही जास्त? राखेची काच. दोन्ही कमी आणि अ‍ॅल्युमिनाही कमी? नेट्रॉन, म्हणजे रोमन जगातली असण्याची शक्यता. अ‍ॅल्युमिना खूप जास्त? भारतीय उपखंडाकडे बघा. १९६१ मध्ये सेयर आणि स्मिथ या दोघांनी 'सायन्स' मासिकात प्राचीन काचेचे पाच रासायनिक गट मांडले, तेव्हापासून हा रस्ता पक्का झाला. त्याच्याही आधी, १७९८ मध्ये, क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काप्री बेटावरच्या रोमन काचेचं पृथक्करण केलं होतं. युरेनियम शोधणारा तो हाच.

फोटो आणि एक्झिफ

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय वेळ, कॅमेरा, कधी कधी लोकेशनही दडलेलं असतं. त्याला एक्झिफ डेटा म्हणतात. काचेतही असा डेटा असतो: दहा लाखांत काही भाग एवढ्या कणभर प्रमाणातली मूलद्रव्यं. बेरियम, झिर्कोनियम, युरेनियम, स्ट्राँशियम. कारागिराने ती मुद्दाम घातलेली नसतात, वाळूबरोबर आपोआप येतात. म्हणून नक्कल करणाऱ्याला ती बदलता येत नाहीत. भारतीय काचेतही यावरून पोटगट पडतात, काहींत बेरियम जास्त आणि युरेनियम कमी, काहींत उलट.

मुद्दाम घातलेली द्रव्यंही बोलतात. रोमन कारागीर हिरवट झाक घालवायला अँटिमनी किंवा मँगनीज टाकत. दोन वेगळ्या परंपरा होत्या. आणि एकाच तुकड्यात दोन्ही सापडली तर बहुधा समजायचं की जुनी फुटकी काच गोळा करून पुन्हा वितळवली आहे. भंगारवाला त्या काळीही होता. हा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेला फोटो: चित्र दिसतं, पण मूळ एक्झिफ गेलेला. पुन्हा वितळलेल्या काचेचा उगम सांगणं म्हणूनच अवघड.

समस्थानिकं वापरून आणखी खोल जाता येतं. स्ट्राँशियमच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर समुद्राच्या पाण्यात ०.७०९ च्या आसपास असतं, शिंपल्यातही तेच उतरतं. काचेत तोच आकडा दिसला तर चुना शिंपल्यांतून आला, खडकातून नाही. २०२० मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठाच्या गटाने हाफ्नियम या मूलद्रव्यावरून इजिप्तची आणि पूर्व किनाऱ्याची वाळू वेगळी करून दाखवली. नमुने होते जॉर्डनमधल्या जेराश शहरातले. रंगहीन रोमन काच इजिप्तमध्ये बनत होती, या जुन्या तर्काला त्यामुळे बळ मिळालं.

यंत्रं कुठली?

सगळ्यात सोयीचं म्हणजे हातात धरायचं एक्सआरएफ. दिसायला ड्रिलमशीनसारखं. ते वस्तूवर क्ष-किरण सोडतं, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतं, यंत्र ते मोजतं. सोनाराकडे दागिन्याची शुद्धता तपासायला असतं ते हेच तंत्र. नमुना तोडावा लागत नाही. पण काचेसाठी त्यात मोठा घोळ आहे. सोडियम हलकं मूलद्रव्य, त्याचे किरण हवेतच विरतात. आणि हलक्या मूलद्रव्यांसाठी यंत्र जेमतेम वरचे काही मायक्रॉन बघतं, जिथे मातीने आधीच सोडा धुऊन नेलेला असतो. म्हणजे ज्या इंद्रधनुषी थरावर आपण भाळतो, नेमका तोच थर आकडे बिघडवतो. फक्त एक्सआरएफच्या जोरावर कुणी 'रोमन सिद्ध झालं' म्हणत असेल तर मी दोनदा विचार करेन.

खरं काम करतं एलए-आयसीपी-एमएस. नाव लांब आहे, काम सोपं. लेझरने केसाच्या जाडीएवढं भोक पाडायचं, डोळ्याला दिसणारही नाही असं. झिजलेला थर आधी उडवून टाकायचा, मग आतल्या ताज्या काचेची वाफ करायची. ती वाफ आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात जाते, जो सूर्याच्या पृष्ठभागाइतका किंवा त्याहून तापलेला असतो. तिथे अणूंचे आयन होतात, आणि पुढचं यंत्र त्यांना वजनावरून वेगळं करून मोजतं. एका मण्यातून पन्नासेक मूलद्रव्यांचे आकडे मिळतात आणि मणी शाबूत राहतो. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या लॉर द्युसुब्यू यांनी भारतीय काचेवर या पद्धतीने बरंच काम केलं आहे.

त्यातलं एक काम आपल्या किनाऱ्याचं. २००८ मध्ये 'आर्किओमेट्री' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अलिबागजवळच्या चौलचे मणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मणी एकाच रासायनिक गटात बसले. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे त्या अभ्यासात होते. ही काच रोमन नाही, त्यानंतर कित्येक शतकांची आहे. पण बघा, मणी इकडून तिकडे गेले. आपण बाहेरून काय आलं याच्या बातम्या करतो, बाहेर काय गेलं ते आकड्यांतच राहून जातं. रोमन लेखक प्लिनी तर पहिल्या शतकातच लिहून गेला की भारतात काच फुटक्या स्फटिकापासून करतात आणि तिच्या तोडीची दुसरी नाही. स्फटिकाचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार, पण भारतीय काचेचा लौकिक तिकडे पोचला होता हे नक्की.

वितळवली एकीकडे, घडवली दुसरीकडे

आता कच्ची काच. रोमन जगात काच बनवणं आणि काचेच्या वस्तू बनवणं हे दोन वेगळे धंदे होते. भूमध्य किनाऱ्यावर टाकीसारख्या प्रचंड भट्ट्या असत. इस्राएलमध्ये हदेराजवळ थोड्या नंतरच्या काळातल्या अशा १७ भट्ट्या सापडल्या, एकेकीत आठ टनांच्या आसपास काच एका वेळी. ती थंड झाली की फोडायची आणि ढेकळं जहाजात भरायची. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या तिसऱ्या शतकातल्या एका जहाजात अशी कित्येक टन ढेकळं मिळाली आहेत. गावोगावचे कारागीर ती विकत घेऊन पेले, बाटल्या करत. गूळ कुठूनही आणा, चिक्की लोणावळ्याची.

तेव्हा समजा एखादा मणी मिळाला आणि रसायन म्हणालं नेट्रॉन काच. याचा अर्थ तो रोममधून आला? नाही. भूमध्य किनाऱ्यावरची काच भरूचला उतरली, घाटावर आली आणि इथल्या कारागिराने मणी केला, हेही तितकंच शक्य. काच तिकडची, मणी इकडचा. तो 'रोमन' म्हणायचा की 'सातवाहन'? मला तरी ही शक्यता तयार रोमन पेल्यापेक्षा जास्त भारी वाटते, कारण त्यात आपला कारागीर आहे.

इथे रसायनाला घडणीची साथ लागते. भारतात वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करून मणी करायची पद्धत होती. आंध्रातल्या पापानायडुपेटा गावात ती आपल्या काळापर्यंत टिकली. अशा मण्यात हवेचे बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट ओढलेले दिसतात. साध्या भिंगातून कळतं, फोनच्या मॅक्रो मोडमधूनही अंदाज येतो. उलट बाहेरून उभ्या कंगोऱ्यांचे जाड वाडगे ही खास रोमन घडण. त्यांचे तुकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मिळाले, जिथे मॉर्टिमर व्हीलरने १९४५ मध्ये खणलं, आणि केरळच्या पट्टणमलाही, जिथे २००७ पासून उत्खनन झालं.

नुसत्या दिसण्यावर 'रोमन' लेबल लावण्याचा धोका मडक्यांनी दाखवून दिला आहे. भारतात अनेक ठिकाणच्या जाड खापरांना वर्षानुवर्षं रोमन अँफोरा, म्हणजे दारू-तेलाचे रांजण, म्हटलं जायचं. रोबर्टा टोम्बर यांनी ती खापरं पुन्हा तपासली, २००७ मध्ये निष्कर्ष छापले, आणि त्यातली बरीचशी इराक-इराणकडच्या रांजणांची निघाली. व्यापार खोटा नव्हता. पत्ता चुकला होता.

कराडकरांसाठी खास धोका

कराड स्टेशन जिथे आहे ते ओगलेवाडी. तिथे ओगले बंधूंचा काच कारखाना होता. प्रभाकर कंदील तिथलाच, आजीच्या पिढीला विचारा. आता कारखाना बंद आहे, पण काच कारखाना म्हटला की फुटका माल, भट्टीतली ढेकळं, रंगीत चुरा आलाच. तो भरावाबरोबर, मुरमाबरोबर किती लांब जाऊ शकतो, विचार करा. या भागात हिरवट काचेचं ढेकूळ दिसलं तर माझा पहिला अंदाज सातवाहन नसून ओगलेवाडी असेल. कोल्हापूरकडे आणखी एक शक्यता: ब्रह्मपुरीच्या मध्ययुगीन थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले आहेत. रोमनांपेक्षा हजारेक वर्षं अलीकडचे.

प्रयोगशाळेत हे वेगळं काढणं कठीण नसतं. एकोणिसाव्या शतकात सोडा कारखान्यातला, रासायनिक पद्धतीने बनवलेला येऊ लागला, आणि तो नेट्रॉनपेक्षा फार शुद्ध असतो. साच्याची शिवण तर नुसत्या बोटालाही लागते.

सापडलंच तर

ही काच विकता येईल का, असं बरेच जण विचारतात. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्याहून जुना १८७८चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये १८७८चे, पण आकडा तोच.

पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. मण्याचं वय मण्यात लिहिलेलं नसतं. काचेची रेसिपी कुठली ते लेझर सांगेल, पण कधीची ते बहुतेक वेळा थर सांगतो: त्याच थरातलं नाणं, खापर, कोळसा. मणी उचलून खिशात टाकला की तो दुवा तुटतो, मग जगातलं कुठलंही यंत्र तो जोडून देत नाही. आपल्याकडे गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. तिची माती पिकाला चांगली म्हणून शेतात टाकायला आणि विटांना वर्षानुवर्षं उपसली जाते. जेसीबीच्या एका फेरीत तीन-चार शतकं एकत्र कालवली जातात.

म्हणून काच, मणी, खापर दिसलं तर खणू नका, धुऊ नका, घासून चमकवू तर अजिबात नका. शेजारी दहाचं नाणं ठेवून जागेवरच दोन फोटो काढा, एक जवळून, एक आजूबाजूचं दिसेल असा लांबून. लोकेशन चालू ठेवा आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एक्झिफ उडतो. मग तहसील कार्यालयात किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. लोकेशनसकट फोटो इन्स्टावर मात्र टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कुदळ घेऊन कुणीतरी पोचलेलं असतं.

तोवर खऱ्या वस्तू बघायच्या असतील तर ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय, आणि सातवाहनकालीन तेरसाठी धाराशिव जिल्ह्यात तेर गावातच असलेलं लामतुरे संग्रहालय. मण्यांच्या कपाटापाशी थोडं थांबा आणि बुडबुडे कुठल्या दिशेला ओढलेत ते बघा.